सहा पडला!

जांब समर्थचा बारा वर्षांचा नारायण 'सावधान' हा एकच शब्द ऐकून लग्नाच्या मांडवातून पळाला आणि पुढे समर्थ रामदास झाला, अशी कथा आहे. हल्ली त्याच गावात, त्याच वयाच्या पोरांपुढे जेवणाचं ताट ठेवून चारदा 'सावधान' ओरडलं, तरी एक मान वर होत नाही. माना मोबाईलमध्ये आणि मोबाईलमध्ये लुडो!

परदेशी तऱ्हा निराळी. जपानच्या निन्टेन्डोनं २००७ साली 'मारिओ पार्टी डीएस' काढला. चौघांनी मिळून खेळायचं, पण हातात यंत्रं मात्र चार. म्हणजे पंगत एक आणि चुली चार! आपला 'लुडो किंग' २०१६ चा, नवी मुंबईतल्या कंपनीचा. त्यात चौघांना एक मोबाईल पुरतो. मुळात हा आपला पचिसीचाच पट. इंग्रजांनी १८९६ साली 'लुडो' म्हणून त्याचं पेटंट घेतलं. आता तो मोबाईलमध्ये बसून माहेरी आला, इतकंच.

यातली खरी गंमत अशी, की चाल झाली की मोबाईल पुढच्याच्या हातात द्यावा लागतो. आमच्या शेजारचे दोघे भाऊ शेताच्या बांधावरून अकरा वर्षं बोलत नव्हते. रामनवमीला पोरांना दोन गडी कमी पडले आणि त्यांनी ह्या दोघांनाच ओसरीवर ओढून बसवलं. थोरल्यानं चाल केली आणि मोबाईल नातवाकडे धरून म्हणाला, "त्याला म्हणावं, तुही पाळी आली."

अर्धा तास असा दुभाष्या चालला. मग थोरल्याला सहा पडला. धाकट्याची सोंगटी घराच्या रांगेत शिरायला दोन पावलं कमी, नेमकी त्याच्या पुढ्यात. थोरल्याचं बोट थबकलं. ओसरी चिडीचूप.

"मारू का रे?"

अकरा वर्षांतला पहिला शब्द!

धाकटा पडद्यावरून नजर न काढता म्हणाला, "मार की. बांधावर हातभर सोडलं नाहीस, इथं कशाला सोडतोस?"

थोरला आधी हसला, मग त्यानं सोंगटी मारली. खेळ म्हणजे खेळ!

दावा अजून चालूच आहे. पण तारखेला दोघं आता एकाच एस.टी.नं, एकाच बाकावर बसून जातात. वकील वेगवेगळे, मोबाईल एक. परवा म्हणे, डाव अर्धाच राहिला म्हणून दोघांनी मिळून पुढची तारीख मागून घेतली.