बँकेच्या दारापर्यंत

टेंभुर्णीत पाटी वाचून थेट मानसोपचाराच्या दवाखान्यात शिरणारा माणूस क्वचितच भेटतो. बहुतेक जण वळसे घेत येतात. आधी गावातल्या डॉक्टरकडे सलाईन लावून होतं. मग कुणीतरी ईसीजी काढायला सांगतं, तो नॉर्मल येतो. मग अकलूजला नाहीतर बार्शीला पोटाची दुर्बिणीतून तपासणी होते, तीही नॉर्मल. शेवटी तिथले डॉक्टर चिठ्ठीवर माझं नाव लिहून देतात. समोर बसल्यावरही तक्रार अंगाचीच असते : छातीत धडधडतं, झोप लागत नाही, डोकं जड, हातापायाला मुंग्या, घास उतरत नाही. यातलं काहीही खोटं नसतं. काही टेन्शन आहे का, असं विचारलं की उत्तर मात्र ठरलेलं. "तसं काय नाय, मॅडम."

'तसं काय नाय'च्या पोटात काय काय असतं, ते आमच्या भागाचं वर्ष बघितलं की कळतं. मार्चअखेर सोसायटीचं पीककर्ज नवं-जुनं करायचं. ऊस कारखान्याला गेला की चौदा दिवसांत पैसे मिळावेत, असं १९६६ चा ऊस नियंत्रण आदेश सांगतो. दिवस मोजायला शेतकरी तिथूनच लागतो. उन्हाळ्यात सगळ्यांची नजर उजनीवर. एकशे सतरा टीएमसीच्या या धरणात निम्म्याहून जास्त पाणी मृतसाठ्याचं, त्यामुळे 'धरण मायनसमध्ये गेलं' हे वाक्य आमच्याकडे लहान पोरंही बोलतात. २०२४ च्या उन्हाळ्यात ते उणे साठ टक्क्यांच्या आसपास गेलं आणि ऑगस्टमध्ये भरलं. पुढच्या वर्षी उलटंच झालं. सप्टेंबर २०२५ मध्ये सीनेला असा पूर आला, की दारफळसारख्या माढा तालुक्यातल्या गावांत पाणी घरांत शिरलं. ज्या तालुक्याची ओळख दुष्काळी, तिथली माणसं जीव वाचवायला बाहेर काढावी लागली.

अशा काळात ताण येणारच. तो येऊ नये अशी अपेक्षा ठेवणाऱ्या व्याख्यात्यांशी माझं जमत नाही. 'सकारात्मक विचार करा' असं सांगून तासाभरात टाळ्या घेता येतात, पण ज्याची केळी आडवी झाली त्याने नेमका कोणता सकारात्मक विचार करायचा, हे कुणी सांगत नाही. माझं मत असं झालं आहे, की आमच्याकडे माणूस ताणाने जेवढा खचतो त्याहून जास्त संकोचाने खचतो. नुकसान झालं हे चारचौघांत सांगायचा संकोच, हप्ता थकला म्हणून बँकेत जायचा संकोच, मेहुण्याकडे मुदत मागायचा संकोच, आणि शेवटी डॉक्टरकडे यायचाही.

हा संकोच वाढतो कसा, ते फोनवरून सांगते. बँकेचा नंबर दिसतो. छाती धडधडते. माणूस फोन उचलत नाही. रिंग थांबते आणि त्याच क्षणी बरं वाटतं. घोटाळा या बरं वाटण्यातच आहे. फोन टाळला म्हणून सुटका झाली, हे मेंदू लगेच शिकतो. पुढच्या वेळी धडधड जास्त जोरात होते, कारण फोन म्हणजे धोका यावर आता शिक्का बसलेला असतो. मग अनोळखी नंबर उचलणं बंद होतं, मग फोनच बंद ठेवला जातो, मग बँकेच्या रस्त्याने जाणं बंद, मग सोसायटीच्या सचिवाच्या पोरीच्या लग्नाला जाणंही बंद. कर्जापेक्षा या टाळाटाळीवरचं व्याज जास्त वेगाने चढतं. घरचे म्हणतात, हल्ली ते कुणात मिसळतच नाहीत.

असेच एक बागायतदार, पन्नाशी उलटलेले. (ओळख लागू नये म्हणून तपशील बदलले आहेत.) सगळे त्यांना तात्या म्हणतात, मीही म्हणू लागले. झोपेसाठी थोडे दिवस गोळी दिली, पण खरं काम वेगळंच होतं. मी विचारलं, बँकेत गेलात तर काय होईल? म्हणाले, "मॅनेजर सगळ्यांदेखत बोलंल." मग काय होईल? "गावात जाईल." मग? बराच वेळ गप्प राहून म्हणाले, "गावाला तसं म्हाईतच हाय म्हना."

त्यांना धीर देऊन मी बँकेत पाठवलं नाही. धीर आल्यावर जाऊ असं ठरवलं तर तो येतच नाही, हे टाळणाऱ्या प्रत्येकाच्या बाबतीत दिसतं. आम्ही कामाचे तुकडे केले. आधी नुसतं बँकेसमोरच्या टपरीवर चहा पिऊन परत यायचं. मग आत जाऊन पासबुक भरून घ्यायचं, कुणाशी बोलायचं नाही. मग पुतण्याला बरोबर घेऊन मॅनेजरच्या टेबलापर्यंत. आणि तिथे पहिलं वाक्य काय बोलायचं, ते आधी पाठ करायचं : "साहेब, पुरात बाग गेली, हप्ता थकलाय, पुनर्गठनाला काय कागद लागतात ते विचारायला आलोय." या वाक्यात विनवणी नाही, माफीही नाही. शासनाने पुरानंतर बाधित भागात पीककर्जाची वसुली थांबवण्याचा आणि पुनर्गठनाचा निर्णय घेतला होता. ते विचारायला जाणारा माणूस भीक मागत नसतो. दवाखान्यात सरावासाठी मी मॅनेजर झाले आणि जरा खवचटच झाले. तात्या दोनदा अडखळले, तिसऱ्यांदा हसले.

प्रत्यक्षात गेले त्या दिवशी मॅनेजर रजेवर होते. हे आमच्या नाटकात नव्हतं. पुन्हा जावं लागलं आणि उपचाराच्या दृष्टीने ते बरंच झालं, कारण दुसऱ्यांदा पाय तेवढे थरथरले नाहीत. भीतीच्या जागी वारंवार जाऊन तिथे थांबलं की शरीर आपोआप शांत होत जातं. आमच्या शास्त्रातल्या भरवशाच्या गोष्टींपैकी ही एक. कर्ज काही त्या दिवशी फिटलं नाही. पण तात्या फोन उचलू लागले.

या पद्धतीचा मला आवडणारा दाखला न्यूयॉर्कचा आहे. अल्बर्ट एलिस एकोणीस वर्षांचे असताना मुलींशी बोलायला विलक्षण घाबरायचे. त्यांनी ठरवलं, की महिनाभर ब्राँक्सच्या वनस्पती उद्यानात बाकावर एकटी बसलेली स्त्री दिसली की शेजारी बसून बोलायचं. अशा १३० जणी भेटल्या. तीस उठून गेल्या, शंभरजणी बोलल्या. एकीने पुन्हा भेटायचं कबूल केलं आणि ती आलीच नाही. हिशेबाने पाहिलं तर पूर्ण अपयश, पण एलिसची भीती मात्र गेली. कुणी चप्पल काढली नाही, कुणी पोलीस बोलावले नाहीत. पुढे १९५५ च्या सुमारास त्यांनी विवेकनिष्ठ उपचारपद्धती मांडली, आणि ती मराठी वाचकांपर्यंत आणण्याचं मोठं श्रेय मानसशास्त्रज्ञ कि. मो. फडके यांना जातं. पुण्यात स्पर्धा परीक्षेची तयारी करून मुलाखतीच्या धास्तीने गावी परतलेल्या पोरांना मी हा किस्सा सांगते. (सोबत हेही सांगते, की हा प्रयोग आपल्या बसस्टँडवर जसाच्या तसा करू नका. त्याऐवजी अनोळखी माणसाला वेळ विचारा, दुकानात घेतलेली वस्तू परत करा, ग्रामसभेत एक प्रश्न विचारा.)

बायकांचं थोडं निराळं. बचत गटाचा किंवा गटाच्या लोनचा हप्ता चुकला तर ती गोष्ट झाकायला जागाच नसते, सगळ्या समोर बसलेल्या असतात. त्यामुळे त्या एकमेकींशी बोलतात तरी. पण दवाखान्यात येताना जाऊ किंवा बहीण बरोबर लागते, आणि अनेकदा आजार त्या बरोबर आलेल्या जावेनेच सांगितलेला असतो. मी त्या जावेला कधी बाहेर बसवत नाही.

दीर्घ श्वास, चालणं, संध्याकाळनंतर चहा बंद, या गोष्टींचा उपयोग होतो. त्या सगळ्यांना ठाऊक आहेत, म्हणून पुन्हा लिहीत नाही. दारूबद्दल एवढंच, की तिने झोप लागते आणि मोडतेही तीच.

संकटानंतर लगेच माणसाला बोलतं करायचा उत्साह मात्र आवरायला हवा. ३० सप्टेंबर १९९३ च्या किल्लारी भूकंपानंतर डॉ. मोहन आगाशे आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी भूकंपग्रस्तांच्या मानसिक आरोग्याचा अभ्यास केला. आपत्तीनंतरच्या मनाकडे महाराष्ट्राने शास्त्रीय नजरेने पाहायला सुरुवात केली, त्यातलं ते महत्त्वाचं काम. आपत्तीनंतर एकाच बैठकीत सगळं उकरून काढण्याने फायदा होत नाही, काहींना त्रासच होतो, हे आता जगभर मान्य आहे. पुराच्या दिवसांत मोबाइल समोर धरून "कसं वाटतंय?" विचारणाऱ्यांनी हे लक्षात घ्यावं. आधी कोरडे कपडे, जनावरांना चारा, पंचनाम्याची माहिती. तो माणूस बोलला तर ऐकावं.

आणि सगळंच ताण नसतं. दोन आठवड्यांहून जास्त काळ मन सतत उदास असेल, कशातच रस वाटत नसेल, भूक-झोप गेली असेल, कामाला हात लागत नसेल, तर ते नैराश्य असू शकतं आणि त्यावर उपचार आहेत. सोलापूरच्या सिव्हिलमध्ये मानसोपचार विभाग आहे. अशा घरात फवारणीची औषधं कुलपात किंवा दुसऱ्याच्या ताब्यात ठेवायला मी आवर्जून सांगते. टोकाची लाट बहुतेक वेळा थोडा वेळ टिकते; तेवढ्या वेळात साधन हाताशी नसलं की जीव वाचतो. श्रीलंकेने अत्यंत विषारी कीटकनाशकांवर टप्प्याटप्प्याने बंदी घातली, त्यानंतर तिथल्या आत्महत्यांचं प्रमाण खूपच खाली आलं.

नातेवाईक हमखास एक प्रश्न दबक्या आवाजात विचारतात : आम्ही तसं विचारलं तर त्यांच्या डोक्यात नको ते भरणार नाही का? नाही भरणार. उलट विचारल्याने मोकळं वाटतं, असंच संशोधन सांगतं. सरळ विचारा : "जीव नकोसा झालाय का?" उत्तर 'हो' आलं तर घाबरून उपदेश सुरू करू नका, एकटं सोडू नका आणि दवाखान्यात घेऊन या. पोलीस केसच्या भीतीने गोष्ट लपवू नका. २०१७ चा मानसिक आरोग्य कायदा आत्महत्येचा प्रयत्न केलेला माणूस तीव्र ताणाखाली होता असंच धरून चालतो, आणि त्याची काळजी घेण्याची जबाबदारी सरकारवर टाकतो. दवाखाना लांब असेल, गाडी मिळत नसेल, तर टेलिमानस या सरकारी मानसिक आरोग्य हेल्पलाइनचा १४४१६ हा नंबर चोवीस तास सुरू असतो. मराठीत बोलता येतं, पैसे पडत नाहीत, आणि पेशंट बोलायला तयार नसेल तर घरच्यांनी लावला तरी चालतो.