बैठक

आमच्या बुरोंडीच्या घरात उंचावर बसायची वस्तू एकच, पडवीतलं बाकडं, आणि तेही पाहुण्यांसाठी. बाकी सगळं जगणं जमिनीलगत. आजी विळीवर एक गुडघा उभा नि एक आडवा अशी बसून पाटीभर बोंबील, मांदेली साफ करायची आणि उठताना हात टेकायची नाही. बाबा अंगणात उकिडवे बसून, जाळ्याचं टोक पायाच्या अंगठ्यात अडकवून फाटकी बाजू विणत. पावसात होड्या वर ओढलेल्या असल्या की हे काम दिवसभर चाले. मी शाळेत बसकरावर, जेवायला पाटावर, भजनाला आईच्या शेजारी मांडी घालून. गौरी-गणपतीत फेर धरायचा, फुगड्या घालायच्या. बसफुगडीत मला दमवणारी मुलगी आमच्या वाडीत नव्हती. या सगळ्यात खुबा नावाचा काही अवयव असतो, हे कुणाच्या गावीही नव्हतं.

पुढे शिक्षिका झाले तीही पहिलीच्या वर्गाची. त्या वयाच्या पोरांना खुर्चीवरून शिकवता येत नाही. त्यांच्या पाटीजवळ बसावं लागतं, लगेच उठावं लागतं, पुन्हा दुसऱ्याच्या पाटीजवळ बसावं लागतं.

२०२१च्या दुसऱ्या लाटेत मला ऑक्सिजन लागला आणि स्टिरॉइड द्यावी लागली. ती मिळाली म्हणून मी आज लिहिते आहे, हे आधीच सांगून टाकते. पुढचं वाचून कुणी त्या औषधाच्या नावानं बोटं मोडू नयेत. त्या दिवाळीत रांगोळीला बसले आणि डाव्या जांघेत चमक भरली. मग दुखणं गुडघ्यात उतरलं. खुब्याचं दुखणं असं गुडघ्याला जाऊन बसतं, त्यामुळे गावानं सुचवलेली सगळी तेलं गुडघ्याला लागली. एक्स-रे स्वच्छ. शेवटी एमआरआयमध्ये सापडलं: एव्हीएन, म्हणजे रक्त न पोचून हाड मरणं; स्टिरॉइडनंतर होऊ शकतं ते. अजून सुरुवातीची पायरी.

मांडीच्या हाडाचा वरचा गोळा खुब्याच्या वाटीत फिरतो. त्याला रक्त पोचतं ते मुख्यतः हाडाच्या मानेवरून चढणाऱ्या बारीक वाहिन्यांतून, आणि त्या अडल्या तर पर्यायी वाट फारशी नसते. आतलं हाड मरतं, पण आकार तसाच राहतो. वाळवी लागलेला वासा बाहेरून शाबूत दिसावा तसा. मग कधीतरी वजनानं गोळा खचतो आणि त्यानंतर बहुधा कृत्रिम सांध्याची गोष्ट सुरू होते. खचण्याआधीचा काळ हाच काय तो औषधाचा. २०२१ मध्येच मुंबईच्या हिंदुजा रुग्णालयातल्या डॉ. संजय अगरवाला आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी कोविडनंतर असा आजार झालेल्या तीन रुग्णांची हकीगत एका ब्रिटिश वैद्यकीय नियतकालिकात छापली. तिघंही चाळिशीच्या आतले, आणि कोविडच्या निदानानंतर सरासरी ५८ दिवसांत दुखणं सुरू झालेलं. आपल्यासारखी आणखी माणसं आहेत हे वाचून बरं वाटावं, हा माणसाचा विचित्र स्वभाव.

माझ्या मुंबईतल्या डॉक्टरांनी एका औषधाच्या चाचणीत भाग घेणार का, असं विचारलं. हाडं ठिसूळ झालेल्या म्हाताऱ्या माणसांना देतात त्या जातीची गोळी, आठवड्याला एक. मेलेलं हाड शरीर काढून टाकतं ते भराभर, नवं घालतं ते सावकाश. काढण्याचा वेग कमी केला तर गोळा तग धरेल, असा हिशोब. मुंबईतल्या रुग्णांवरचे चांगले अनुभव २००२ पासून छापून आलेले होते. तैवानमधल्या २००५च्या छोट्या चाचणीत तर फरक ठळक होता. मग तिथेच अनेक रुग्णालयांनी मिळून डमी गोळीशी तुलना केली, तिचा निकाल २०१२ मध्ये आला आणि फरक दिसला नाही. मी विचारलं, "मग डॉक्टर, खरं काय?" ते म्हणाले, "मला ठाऊक असतं तर चाचणी कशाला घेतली असती?" या उत्तरावर माझा विश्वास बसला. छातीठोकपणे सांगणारे मला आधी बरेच भेटले होते.

संमतीपत्र मराठीत होतं, पानंच्या पानं. कधीही बाहेर पडता येईल, चाचणीमुळे इजा झाली तर उपचार मोफत, वगैरे. देशातल्या चाचण्यांची सरकारी नोंदवही २००७ पासून आहे आणि २००९ पासून तिच्यात नोंद सक्तीची आहे. तिथे जाऊन मी आमच्या चाचणीचा क्रमांक ताडून पाहिला, मास्तरकीची खोड. शेवटच्या पानावर वारसदाराचं नाव मागितलेलं. चाचणीमुळे मृत्यू आला तर भरपाई कुणाला द्यायची त्यासाठी. आईनं डोकावून पाहिलं. "एलआयसी काढत्येस काय गो?"

गोळी रविवारी पहाटे, उपाशी पोटी, पेलाभर साध्या पाण्याबरोबर. मग अर्धा तास आडवं व्हायचं नाही, चहाही नाही. ती अन्ननलिकेला चिकटली तर जखम करते. जन्मभर बसत आले, पण बसणं हेच औषधाचा भाग होईल असं वाटलं नव्हतं. शिवाय गोळी खरी की डमी हे मला माहीत नाही, डॉक्टरांनाही नाही. आई चहाचा कप घेऊन समोर उभी. "पिठाची निघाली तर चहा प्यायला काय हरकत होती?" तिला अजून समजावता आलेलं नाही.

तपासणीला मुंबईला गेलं की प्रश्नावली भरायची. विल्यम हॅरिस या अमेरिकन सर्जननं १९६९ मध्ये बसवलेली, शंभर गुणांची. वेदनेला ४४, लंगडण्याला ११. जिना चढायला ४. बूट-मोजे घालता येतात का, ४. साध्या खुर्चीवर तासभर आरामात बसता येतं का, ५. सार्वजनिक वाहनात चढता येतं का, १. ज्यानं याला एकच गुण ठेवला त्यानं दापोलीच्या स्टँडवर बुरोंडीची एसटी पकडलेली नाही.

"ताई, मोजे घालता येतात?" चाचणीचं काम पाहणारी मुलगी विचारते.

"मी मोजे घालतच नाही."

"समजा घातले तर?"

समजा घातले तर येतील, थोडे कष्टानं. २ गुण. खुर्चीचे पाच मात्र पुरे मिळतात. विळीवर बसता येत नाही, पाटावर बसता येत नाही, वर्गात पोरांच्या पाटीजवळ बसता येत नाही, घरचा संडास बदलून घ्यावा लागला. यांतल्या एकालाही गुण नाही, म्हणून ते जातही नाहीत. कागदावर माझा खुबा माझ्यापेक्षा बराच सुखी आहे. हॅरिससाहेबांवर माझा राग नाही. बोस्टन, तैपेई आणि मुंबई एका रकान्यात आणायची तर पट्टी एकच हवी, हे मला कळतं. पण गोळीनं मला काय परत दिलं, हे ज्या बैठकीवर मला उमगणार, ती त्या पट्टीवर नाहीच.

मागच्या खेपेला हे सगळं मी त्या मुलीला सांगितलं. प्रगतिपुस्तकात गुणांशेजारी शेऱ्याला जागा असते, तशी तुझ्या कागदावर आहे का? होती. तिनं मराठीतच लिहिलं: "डाव्या पायाची माडी घालता येत नाही." मी तिला अनुस्वार द्यायला लावला.