शेवटचा हात

काचकागदाचा शेवटचा फेरा झाला, भुसा झटकला आणि स्पिरिटमध्ये भिजवलेलं फडकं सागवानावरून एकदाच फिरवलं, की लाकूड आपलं पुढचं रूप दाखवतं. मघापर्यंत फिकट, कोरडी दिसणारी फळी मधाळ होते. रेषा खोल जातात. गाठीभोवतीचं एखादं वळण, जे इतका वेळ नुसता डाग वाटत होतं, ते भोवऱ्यासारखं पुढे येतं. मग स्पिरिट उडून जातं आणि फळी पुन्हा होती तशी होते. पॉलिश करणारे हे फडकं फिरवतात ते धूळ टिपायला आणि रेषेला आडवे गेलेले ओरखडे राहिलेत का ते बघायला. मी त्या मिनिटभरात उजेड बघत असते. ओल्या लाकडावर तो कुठे थांबतो, कुठे आत शिरतो आणि कुठे नुसताच उसळून डोळ्यावर येतो. कारण पुढचा प्रश्न ठरलेला असतो. "ताई, चमक किती ठेवायची?"

लाकूड कोणतं, रंग कोणता, मूठ पितळेची की लोखंडाची, यावर घरात आठवडाभर बोलणं चालतं. चमकेचा निर्णय मात्र दुकानात उभ्याउभ्या होतो. डब्यांवर ग्लॉस, सॅटिन, मॅट असं लिहिलेलं असतं, काउंटरवरचा माणूस "हल्ली मॅटच चालतं" म्हणतो आणि डबा पिशवीत पडतो. मला हे बघवत नाही. रंग लाकडाचा असतो, पण चमक लाकडाची आणि खोलीची मिळून असते. खिडकी कुठल्या बाजूला आहे, दिवा डोक्यावर आहे की भिंतीवर, वस्तू लांबून बघायची आहे की तिच्यावर रोज हात टेकणार आहे, हे कळल्याशिवाय चमक सांगताच येत नाही.

चमक मोजता येते. ग्लॉसमीटर नावाचं हातात मावणारं यंत्र असतं. ते पृष्ठभागावर ६० अंशांच्या कोनातून झोत टाकतं आणि समोरच्या बाजूने त्यातला किती उजेड परत आला ते सांगतं. गुळगुळीत काळ्या काचेची चमक १०० धरतात. त्या हिशेबाने मॅट साधारण १० च्या आत, सॅटिन २५ ते ३५ च्या आसपास, सेमी-ग्लॉस ५० ते ७०, आणि ८५ च्या पुढे गेलं की आरसाच. कंपनीगणिक हे आकडे सरकतात, तेव्हा एकाच खोलीतल्या दोन वस्तूंना दोन कंपन्यांचं सॅटिन देऊ नये. शेजारी ठेवल्यावर दोन्हींतला फरक नजरेला टोचत राहतो.

मॅटचा डबा उघडून तळाशी काठी घातली की तिथे मऊसा गाळ लागतो. ती सिलिकाची पूड, केसाच्या जाडीपुढेही नगण्य अशा बारीक कणांची. लेप सुकताना त्यातला द्रव उडतो, थर आक्रसतो आणि हे कण पृष्ठभाग खालून उचलून धरतात. बोटाला काही जाणवत नाही, पण उजेडाला तो खडबडीतपणा लागतो. तळ्याचं पाणी स्थिर असलं की चंद्र एक दिसतो, झुळूक आली की त्याचाच उजेड सगळ्या तळ्यावर पसरतो, तसं हे. डबा नीट ढवळला नाही, तर वरचं पॉलिश चकचकीत निघतं आणि तळाचं पिठाळ. हलवायचा नाही, ढवळायचा. हलवला की बुडबुडे येतात आणि ते लेपात अडकून बसतात.

पसरलेला हा उजेड फुकट मिळत नाही. गुळगुळीत पृष्ठभाग परतणारा उजेड एकाच दिशेला पाठवतो. त्या दिशेला डोळा नसेल, तर आपल्याला दिसतो तो फक्त लाकडाच्या आतून आलेला रंग, म्हणून ग्लॉसखाली लाकूड ओलं आणि खोल वाटतं. मॅट तोच पांढरा उजेड सगळीकडे उधळतो आणि त्याचा पातळ पडदा रंगावर येतो. फिकट लाकडावर हा पडदा कळतही नाही, उलट लाकूड कोरं, नुकतंच रंधलेलं वाटतं. शिसवीवर मात्र तो राखाडी दिसतो. शिसवीच्या काळ्या-जांभळ्या रेषांवर अगदी मॅट लेप दिला, की वस्तू नवी असूनही धूळ बसल्यासारखी भासते आणि येणारा-जाणारा पदराने पुसू बघतो. गडद लाकडाला निदान सॅटिनपर्यंत तरी येऊ द्यावं, हे माझं ठाम मत आहे.

आमच्या लिहायच्या टेबलाचं लाकूड आजोळच्या पाडलेल्या घराच्या वाशांचं. सागवान जुनं, वर्षानुवर्षांच्या धुराने बाहेरून काळंठिक्कर, पण रंधा मारला तसा आतून सोन्यासारखा रंग निघाला. असं लाकूड हाती आलं की त्याला आरशासारखं करावंसं वाटणारच. पण टेबल खिडकीशी ठेवायचं होतं. पूर्वेची खिडकी, सकाळी नऊपर्यंत ऊन आडवं येतं. चकचकीत टेबलावर अशा वेळी खिडकीचे गज पडलेले दिसतात, मागचं आभाळ दिसतं, आपला चेहरा दिसतो. लाकूड तेवढं दिसत नाही. मी पॉलिशवाल्या काकांना सॅटिन सांगितलं. ते म्हणाले, "तरी एक बघा, खाली वाकून खिडकीकडे तोंड करून बघितलंत तर सॅटिनसुद्धा चमकणार." ते खरं आहे. डोळा पृष्ठभागाच्या पातळीला आला की कुठलाही लेप उजेड परत फेकतो. म्हणून नमुन्याची फळी हातात धरून डोळ्यासमोर निरखायची नसते. ती वस्तूच्या जागी, वस्तूच्या उंचीवर आडवी ठेवायची आणि सकाळ, दुपार, दिवेलागण, तिन्ही वेळांना येता-जाता बघायची. उरलेल्या वाशाच्या तुकड्यांवर आम्ही तिन्ही चमका लावून घेतल्या आणि त्या खिडकीशी ठेवल्या. दुपारी तिन्ही बऱ्या दिसल्या. सकाळी ग्लॉसची फळी नुसता एक पांढरा पट्टा झाली होती.

याचा अर्थ चकचकीत ते हलकं आणि मंद ते अभिरुचीचं, असं मुळीच नाही. असं मानणारे लोक वाढलेत खरे, पण त्यांनी एकदा मिरजेला जावं. सतारमेकर गल्लीतल्या कारखान्यांत तंबोऱ्यावर चढणारी चमक बघावी. एकोणिसाव्या शतकाच्या मध्यावर शस्त्रं घासून-पुसून लखलखीत करणाऱ्या शिकलगार घराण्यातल्या माणसांनी तिथे वाद्यं दुरुस्त करायला आणि मग घडवायला घेतली. २०२४ साली मिरजेच्या सतार-तंबोऱ्याला भौगोलिक मानांकनही मिळालं. भोपळा पंढरपूरच्या बाजूचा, दांडी तुणीच्या लाकडाची, आणि त्यावर चपड्याचं पॉलिश. भोपळ्याचा तो फुगीर गोलवा मंद लेपाखाली सपाट वाटला असता. चमकदार लेपावर दिव्याचा एक ठिपका उमटतो, गवयाने तंबोरा जरा कलता केला की तो ठिपका घसरत जातो, आणि दहाव्या रांगेत बसलेल्याला त्या एका ठिपक्यावरून सबंध गोलाई कळते. शिवाय चपड्याचा लेप इतका पातळ बसतो की लाकडाच्या आवाजावर त्याचं ओझं होत नाही. तिथे चमक शोभेची नाही, वाद्याच्या घडणीतलीच आहे.

चपडा म्हणजे लाखेचे पातळ, नारिंगी-तपकिरी पापुद्रे. कुसुम, पळस, बोर यांच्या फांद्यांवर लाखेचे किडे जो राळेसारखा थर करतात, तो गाळून, ताणून हे पापुद्रे होतात. झारखंडात त्याचं मोठं उत्पादन, आणि रांचीजवळ नामकुमला १९२४ पासून त्यावर संशोधन करणारी संस्था आहे. पापुद्रे रात्रभर स्पिरिटमध्ये भिजत घालायचे, सकाळी फडक्यातून गाळायचे. कापसाचा गोळा मलमलीत बांधून बोळा करायचा. पुढचं सगळं मनगटात. बोळा आधी गोल, मग इंग्रजी आठाच्या आकड्यासारखा, शेवटी रेषेबरोबर सरळ जातो. तो थांबवायचा नाही. क्षणभर थांबला की ओल्या स्पिरिटने खालचा थर विरघळतो, बोळा चिकटतो आणि सालटं निघतं. मध्येच तेलाचा एखादा थेंब, बोळा सरकता राहावा म्हणून. एकावर एक थर चढत जातो तशी चमक खालून वर येते, आणि शेवटी जवळजवळ कोरड्या बोळ्याला स्पिरिटचा नुसता वास लावून ते तेल ओढून घेतात, तेव्हा ती उघडी पडते. डब्यातल्या पॉलिशची चमक कारखान्यात ठरून येते, इथे ती कारागीर ठरवतो आणि त्याला हवं तिथे थांबता येतं. मला हे पॉलिश सगळ्यांत प्रिय आहे, तरी जेवणाच्या टेबलाला ते मी सांगणार नाही. गरम कप ठेवला की पांढरं वर्तुळ उठतं.

पॉलिशविना चकाकणाऱ्या वस्तूही घरोघर असत. जात्याचा खुंटा, मुसळाची मधली मूठ, झोपाळ्याच्या फळीची पुढची कड. यांना कुणी कधी लेप दिला नव्हता. तळहाताचं तेल, धान्याची पूड, धोतर-लुगड्यांचं घासणं, एवढ्यावर ती झळाळी आलेली. तीही सगळीकडे सारखी नाही, जिथे माणूस लागला तिथेच. मुसळाची दोन्ही टोकं रखरखीत आणि मधला वीतभर भाग रेशमी, हे हाताने चाचपून बघितलेल्याला विसरता येत नाही. मी लिहायच्या टेबलाला सॅटिन मागितलं त्यामागे हेही होतं. मंद लेपावर मनगट रोज घासलं की सिलिकाने केलेले उंचवटे झिजतात आणि तेवढीच जागा हळूहळू चकाकायला लागते. दुकानदार याला तक्रार समजतात. मला वाटतं, ज्या लाकडावर रोज हात पडणार, त्यावर आपण सगळी चमक पहिल्याच दिवशी ओतून मोकळं होऊ नये. थोडी हातासाठी ठेवावी.

मंद चमक हवी म्हणून सगळे थर मंद देणं मात्र चूक. प्रत्येक थरातली सिलिका उजेड अडवते, आणि चार थर एकावर एक आले की लाकूड धुक्यात गेल्यासारखं दिसतं. जाणते कारागीर खालचे सगळे हात ग्लॉसचे देतात, दर दोन हातांमध्ये बारीक पॉलिश पेपरने हलकं घासतात, आणि फक्त शेवटचा हात सॅटिनचा किंवा मॅटचा देतात. लाकूड खाली स्वच्छ दिसतं, उजेड वर शांत होतो. दुसरी वाट याहून जुनी: पूर्ण ग्लॉस करायचं, ते कडक सुकू द्यायचं आणि मग अगदी बारीक लोखंडी लोकरीवर मेण घेऊन रेषेबरोबर घासायचं. जितकं घासाल तितकी चमक उतरते. यात हात एकसारखा लागतो, आणि कडांशी फार सांभाळावं लागतं. लेप तिथेच पातळ असतो, जरा जोर झाला की खालचं लाकूड उघडं पडतं.

पावसाळ्यात ही कामं काढूच नयेत. हवेत ओल असली की स्पिरिट भराभर उडताना पृष्ठभाग गार पडतो, त्यावर दमट हवेतलं पाणी धरतं आणि चपडा किंवा लॅकर दुधाळ होतं. आमचे काका आभाळ भरून आलं की बोळा डबीत घालून झाकण लावतात आणि चहा मागतात. घाई करणाऱ्यांना ते एकच सांगतात, की रंग चुकला तर झाकता येईल, दमट दिवसाची चमक झाकता येत नाही.

टेबलानंतर त्याच वाशांच्या उरलेल्या लाकडाचा आईसाठी देव्हारा झाला. मी सॅटिनच धरून चालले होते, पण आईने आधीच मनाशी ठरवलेलं होतं. निरांजनाची ज्योत देवांच्या मागच्या फळीत दिसली पाहिजे, म्हणाली. ते मला लगेच पटलं. देव्हाऱ्याच्या आत ऊन येत नाही, उजेड येतो तो एका वातीचा, आणि तो मंद लेपाने पसरून टाकला तर उरणार काय? काकांनी मात्र आधी बजावलं, सागवानाची छिद्रं मोठी, आरसा हवा तर भरणी करावी लागेल. खडूची पूड, पिवडी, चिमूटभर गेरू असं कालवून त्यांनी ते रेषेला आडवं चोळचोळून भरलं, वरचं पुसून काढलं, एक रात्र सुकवलं, घासलं, आणि मग मागच्या फळीवर चपड्याचे हात चढवत गेले. भिंगरीसारखा बोळा फिरत होता आणि आई शेजारी स्टूल घेऊन बसली होती, मधूनच काडी ओढून ज्योत दिसते का ते बघायची घाई करत. काकांनी तिला दोनदा दटावून लांब बसवलं, स्पिरिट जवळ होतं.

दारं आणि चौकट सॅटिनची ठेवली, आतली फळी तेवढी आरशाची. दारांना मोठ्या पितळी कड्या लावल्या, म्हणजे आईची तेला-कुंकवाची बोटं लाकडाला लागायला नकोत. मंद लेपात कुंकू बसलं की निघता निघत नाही.