बालमधुमेह आणि रोहिण्यांची स्मृती

बालवयातील मधुमेह बहुतांशी टाइप १ प्रकारचा असतो. त्यात शरीराची प्रतिकारयंत्रणा स्वादुपिंडातील इन्सुलिन निर्माण करणाऱ्या बीटा पेशींवरच उलटते आणि मुलाला जन्मभर बाहेरून इन्सुलिन घ्यावे लागते. ११ जानेवारी १९२२ रोजी टोरांटोत लिओनार्ड थॉम्पसन या १४ वर्षांच्या मुलाला इन्सुलिनचे पहिले इंजेक्शन देण्यात आले. तोवर अशी मुले फार काळ जगतच नसल्याने त्यांच्या हृदयाचे पुढे काय होते, हा प्रश्न उद्भवला नव्हता.

हृदयाकडून रक्त वाहून नेणाऱ्या रोहिणीच्या, म्हणजे धमनीच्या, आतल्या बाजूस जेमतेम एका पेशीच्या जाडीचे अस्तर असते आणि त्यातून पाझरणाऱ्या नायट्रिक ऑक्साइडमुळे रोहिणीची भिंत सैलावते. रक्तातील साखर दीर्घकाळ चढी राहिली की ही क्षमता उणावते, साखर भिंतीतील प्रथिनांना चिकटून त्यांना ताठर करते, आणि म्हणूनच सोनोग्राफीने पाहिल्यास काही किशोरवयीन रुग्णांत मानेतील रोहिणीची भिंत निरोगी समवयस्कांपेक्षा जाड आढळते, जरी त्या वयात छातीत दुखत नसते की दम लागत नसतो.

या संथ बदलाचा सर्वांत ठोस पुरावा अमेरिका व कॅनडात १९८३ ते १९९३ या काळात झालेल्या डीसीसीटी या अभ्यासाने दिला. १३ ते ३९ वर्षांच्या १,४४१ रुग्णांपैकी काहींवर काटेकोर, तर इतरांवर तत्कालीन रूढ पद्धतीने उपचार झाले. एचबीए१सी, म्हणजे मागील दोन-तीन महिन्यांतील साखरेची सरासरी सांगणारी चाचणी, पहिल्या गटात सुमारे ७ टक्के, तर दुसऱ्यात ९ टक्के राहिली. अभ्यास संपल्यावर दोन्ही गटांतील हा फरक जवळजवळ मिटला. तरीही २००५ मध्ये प्रसिद्ध झालेल्या पाठपुराव्यात काटेकोर उपचार झालेल्यांत हृदय व रक्तवाहिन्यांच्या विकारांचा धोका ४२ टक्क्यांनी कमी आढळला. शास्त्रज्ञ याला चयापचयाची स्मृती म्हणतात. ‘लहान आहे, मोठा झाला की सांभाळेल’ ही घरोघरची समजूत या निष्कर्षापुढे टिकत नाही. स्वीडनमधील नोंदींवर आधारित २०१८ च्या अभ्यासात तर दहाव्या वर्षाआधी मधुमेह झालेल्या स्त्रियांचे आयुर्मान सुमारे १८ वर्षांनी आणि पुरुषांचे १४ वर्षांनी घटल्याचे दिसले. एरवी तरुण स्त्रियांना हृदयविकारापासून मिळणारे नैसर्गिक संरक्षण या आजारात हिरावले जाते, याविषयी अजून पुरेसे बोलले जात नाही.

साखरेइतकेच लक्ष रक्तदाबाकडे हवे, आणि तो मोजताना पट्टा मुलाच्या दंडाच्या मापाचा असावा व आकडा वय, लिंग व उंचीनुसार पडताळावा, कारण प्रौढांचे निकष येथे फसवे ठरतात. साधारण अकराव्या वर्षापासून रक्तातील चरबीची तपासणी, तसेच मूत्रपिंडाच्या सूक्ष्म रक्तवाहिन्यांची अवस्था कळावी म्हणून लघवीतील अल्ब्युमिन या प्रथिनाची तपासणी सुरू करावी, असे आंतरराष्ट्रीय मार्गदर्शन आहे. औषधांविषयी मात्र संयम उचित ठरतो: ॲडिट या २०१७ मधील चाचणीत १० ते १६ वर्षांच्या ४४३ मुलांना स्टॅटिन आणि रक्तदाबाचे एक औषध यांपैकी एक, दोन्ही किंवा नुसती बिनऔषधी गोळी दिली गेली, स्टॅटिनने कोलेस्टेरॉल उतरले, पण मानेतील रोहिणीच्या जाडीत दोन ते चार वर्षांत फरक पडला नाही. तेवढा अवधी रोहिणीत फरक दिसण्यासाठी अपुराही असू शकतो.