बिनकामाचे भाऊजी

मैत्रिणींनो, तुमच्याही घरात एखादे 'बिनकामाचे' भाऊजी असतील, नाही का?

ताकेशी कितानो यांचा 'किकुजिरो' (१९९९) हा जपानी चित्रपट पाहिला आणि आमचे धाकटे भाऊजी आठवले. आजीजवळ राहणारा मासाओ सुट्टीत आईला शोधायला निघतो. शेजारीण सोबतीला आपल्या उनाड नवऱ्याला धाडते. हे महाशय प्रवासाचे पैसे आधी सायकल-शर्यतींच्या जुगारात उडवतात! पण आईने दुसरा संसार थाटलेला दिसतो, तेव्हा घरच चुकलं असं सांगून तेच पोराला सावरतात. मासाओ त्यांचं नाव विचारतो, ते थेट निरोप घेताना!

भाऊजींवर मी चिमीला कधी सोपवलं नव्हतं. परवा शाळेतून आणायला पाठवलं. तासभर उशिरा आली दोघं, चिखलानं माखून, खिसाभर चिंचा घेऊन. जिभेवर आलेलं गिळलं बाई मी. चिमी खिदळत होती ना!