खुणा आणि कुलपं

कोल्हापूरच्या टाउन हॉल म्युझियममध्ये ग्रीकांच्या समुद्रदेवाची, पोसायडनची, एक छोटीशी कांस्यमूर्ती आहे. पंचगंगेकाठच्या ब्रह्मपुरीच्या टेकाडात ती १९४० च्या दशकात मिळाली. घडली रोमन जगात आणि व्यापाराच्या वाटेने पोहोचली सातवाहनकाळातल्या इथल्या वस्तीत. आता समजा, तिचा फोटो संगणकावरच्या संग्रहात ठेवायचा आहे. तो 'मूर्ती'त जाईल, 'धातुकामा'त, 'ब्रह्मपुरी'त की 'परदेशी व्यापारा'त? डिजिटल संग्रह लावायला बसलेल्या माणसापुढे पहिल्या दिवशी येणारा प्रश्न हाच असतो आणि पुढे अनेक वर्षं तो वेगवेगळ्या रूपांत येतच राहतो.

कपाटात मूर्ती एकाच फळीवर राहते, तिथे दुसरा इलाज नसतो. संगणकावर ती अडचण नाही. तरीही अनेक संग्रह कपाटासारखेच लावले जातात. वरच्या फोल्डरला साल, आत कार्यक्रम, त्याच्या आत फोटोग्राफरचं नाव आणि तळाशी 'नवीन', 'नवीन २', 'फायनल'. फोटो दोन विषयांत बसतो म्हणून त्याची प्रत दोन ठिकाणी टाकली जाते. पुढे कुणीतरी एका प्रतीखालचं चुकलेलं साल दुरुस्त करतं, दुसरीखालचं तसंच राहतं. दोन्हींपैकी बरोबर कोणतं हे सांगणारा माणूस तोवर निवृत्त झालेला असतो.

या पेचावरचं एक उत्तर भारतातच सापडलं, तेही संगणक येण्याच्या कितीतरी आधी. मद्रास विद्यापीठाचे ग्रंथपाल एस. आर. रंगनाथन यांनी १९३३ साली आपली कोलन वर्गीकरण पद्धती प्रसिद्ध केली. विषयाला एकाच खणात बसवण्याऐवजी त्यांनी त्याचे पैलू सुटे केले. व्यक्तित्व, द्रव्य, क्रिया, स्थळ आणि काळ ही त्यांची पाच मूलभूत अंगं ग्रंथालयशास्त्राच्या विद्यार्थ्याला पाठ असतात. पोसायडनला ती लावून पाहिली की कोडं सुटू लागतं. देवता, कांस्य, ओतकाम ही तीन अंगं सरळ आहेत. स्थळं मात्र दोन निघतात, घडल्याचं आणि सापडल्याचं. काळही दोन. म्हणजे नोंदीत 'स्थळ' असा एकच रकाना ठेवून भागणार नाही, हे ती एक मूर्तीच शिकवून जाते. फोटो एकाच जागी राहतो आणि त्याच्याकडे येणाऱ्या वाटा मात्र अनेक होतात.

या वाटा दाखवणाऱ्या खुणा कशाच्या करायच्या, हे आज फोटो पाहणाऱ्याला जे दिसतं त्यावरून ठरवणं पुरेसं नसतं. कोल्हापूरचं संगीतसूर्य केशवराव भोसले नाट्यगृह डोळ्यांपुढे आणावं. शाहू महाराजांच्या कारकिर्दीत, १९१५ साली, ते 'पॅलेस थिएटर' म्हणून सुरू झालं. गायक-नट केशवरावांचं नाव त्याला पुढे मिळालं. ८ ऑगस्ट २०२४ च्या रात्री, केशवरावांच्या जयंतीच्या आदल्या दिवशी, ते आगीत जळालं. अशी वास्तू पुन्हा उभी करायची म्हटली की आतल्या भागाचा प्रत्येक जुना फोटो मोलाचा ठरतो. एखाद्या घरगुती वा संस्थेच्या संग्रहातला फोटो असा असू शकतो: पुढे गाणारा नट, बाजूला तबलजी, मागे रंगमंचाची चौकट आणि वर छताचा कोपरा. नोंद करणाऱ्याने खाली नाटकाचं नाव, नटाचं नाव आणि तारीख लिहिलेली असते. ती नोंद चुकीची नाही. पण वास्तुविशारदाला हवा आहे तो छताचा कोपरा, आणि 'छत' ही खूण तिथे नाही. फोटो संग्रहात असूनही त्याच्या हाती लागत नाही.

म्हणून अनुभवी माणूस फोटो दोनदा वाचतो. एकदा तो कशासाठी काढला हे पाहतो आणि एकदा त्यात आणखी काय आलं आहे हे पाहतो. दुसऱ्या वाचनाला वेळ लागतो. हजारो फोटोंच्या संग्रहात प्रत्येकाला तो देता येत नाही. तेव्हा निदान वास्तू, व्यक्ती आणि स्थळ या तीन खुणा तरी सुटता कामा नयेत, असं किमान बंधन ठरवून कामाला लागावं लागतं.

नावांचा प्रश्न याहून नाजूक असतो. 'पॅलेस थिएटर' लिहून शोधणाऱ्याला आणि 'केशवराव भोसले नाट्यगृह' लिहिणाऱ्याला तोच फोटो मिळायला हवा. करवीर आणि कोल्हापूर, अंबाबाई आणि महालक्ष्मी यांचंही तसंच. कोल्हापुरात देवीच्या नावामागे लोकांच्या भावना आहेत. संग्रहाने त्यात निवाडा करायला जाऊ नये. दोन्ही नावं एकाच नोंदीला बांधून ठेवावीत. चपलांची चित्रं लावतानाही हेच पथ्य पाळावं लागतं. 'पादत्राणे, पारंपरिक' असं एकच शीर्षक देऊन मोकळं झालं तर कापशी, कचकडी, बक्कलनाळी, पुकरी हे कारागिरांच्या तोंडचे प्रकार त्यात बुडून जातात. सुभाषनगरातला कारागीर ज्या नावाने नग ओळखतो, ते नाव यादीत पहिलं हवं. व्यापक शीर्षक त्याच्या वरच्या पायरीवर खुशाल राहू द्यावं.

अशी यादी कुणीही कधीही वाढवू लागला तर सहा महिन्यांत 'कुस्ती', 'कुस्त्या', 'कुस्ती मैदान' आणि 'खासबाग कुस्ती' अशा चार खुणा तयार होतात. त्यामुळे खूण लावण्याची मुभा पुष्कळांना, पण नवी खूण यादीत घालण्याची एक-दोघांनाच, हा नियम करावाच लागतो. वर्गवारीचं काम इथे परवानगीच्या कामाला येऊन भिडतं.

महाराष्ट्राला या दुसऱ्या कामाचा जुना अनुभव आहे. पुण्याचं पेशवे दफ्तर इंग्रजांच्या ताब्यात गेलं तेव्हा कागद बांधलेल्या त्या रुमालांत राज्याचा इतिहास होता, तसेच इनामांच्या हक्कांचे पुरावेही होते. सरकारने ते जपलं मुख्यतः महसुली कामासाठी आणि अभ्यासकांना दीर्घकाळ दाराबाहेरच ठेवलं. गो. स. सरदेसाईंच्या संपादनाखाली निवडक कागदांचे ४५ खंड निघाले ते १९३० च्या दशकात. इनामाचा कागद जपायला हवा होता, हे मान्य. पण त्याच्यासाठी घातलेल्या कुलपाआड लढायांची पत्रंही अडकली आणि आत काय आहे हे बाहेरच्याला कळेना.

डिजिटल संग्रहात हीच चूक 'खासगी' नावाच्या फोल्डरने होते. त्या फोल्डरमध्ये टाकलेला फोटो विषयातून उठतो. चपलेचा असला तरी चपलांमध्ये दिसत नाही, जत्रेचा असला तरी जत्रांमध्ये नाही. वस्तू काय आहे हे सांगणारी खूण आणि ती कुणी पाहावी हे ठरवणारं कुलूप ही दोन वेगळी कामं आहेत. ती एकाच फोल्डरवर सोपवली की दोन्ही बिघडतात. हे नीट करायला महागडी यंत्रणा लागत नाही. पुष्कळ विद्यापीठांत वापरली जाणारी डीस्पेस ही मुक्त प्रणाली नोंद सर्वांना दाखवते आणि तिच्यामागची फाइल मात्र ठरावीक गटापुरती बंद ठेवू शकते. अभ्यासकाला फोटो आहे एवढं तरी कळतं, मग तो रीतसर अर्ज करतो.

कुलपांचे प्रकारही एकाहून अधिक लागतात. पाहणं वेगळं, मोठ्या आकारातली मूळ फाइल उतरवून घेणं वेगळं, आणि ती छापायला वा जाहिरातीला वापरणं आणखी वेगळं. कोल्हापुरी चपलेला २०१९ साली महाराष्ट्र आणि कर्नाटकातल्या जिल्ह्यांना मिळून भौगोलिक मानांकन मिळालं. जून २०२५ मध्ये प्राडा या इटालियन कंपनीने मिलानमध्ये तशाच घडणीच्या चपला आधी उगमाचा उल्लेख न करता दाखवल्या, तेव्हा कारागिरांचा संताप साऱ्या देशाने पाहिला. तेव्हापासून कारागिराच्या हातातल्या अर्ध्या शिवलेल्या नगाचा फोटो कुणी कशासाठी वापरावा, हा प्रश्न कोरडा राहिलेला नाही. फोटोच्या नोंदीत कारागिराची संमती कशापुरती घेतली, हे स्वतंत्र रकान्यात लिहिलेलं हवं. सौंदत्तीच्या यात्रेला निघालेल्या जोगत्यांचे फोटो, तालमीत अंग कमावणाऱ्या लहान मुलांचे फोटो, दवाखान्याचे जुने कागद यांना तर हा रकाना भरल्याशिवाय पुढे जाऊच देऊ नये.

काही कुलपं आपली तारीख बरोबर घेऊन येतात. भारतीय कॉपीराइट कायद्यातल्या २०१२ च्या दुरुस्तीनंतर, फोटोग्राफरच्या हयातीत प्रसिद्ध झालेल्या फोटोला त्याच्या हयातभर आणि मृत्यूनंतरच्या वर्षापासून ६० वर्षं संरक्षण असतं. १९६५ साली वारलेल्या फोटोग्राफरचा असा फोटो १ जानेवारी २०२६ ला मोकळा होतो. ही तारीख नोंदीतच असली तर कुलूप वेळेवर निघतं; नाहीतर 'कशाला जोखीम घ्या' म्हणून फोटो पिढ्यान्‌पिढ्या बंद राहतो.

माणसांच्या बाबतीत नियम साधा ठेवावा. हक्क नावाला देऊ नयेत, कामाला द्यावेत. पाहणारा, भर घालणारा, तपासणारा, प्रशासक असे गट करावेत. सहकारी बदलला की त्याला गटातून काढायचं, एवढंच काम उरतं. सगळ्या कार्यालयाचा एकच लॉगिन आणि भिंतीवर चिकटवलेला पासवर्ड ही सोय वाटते खरी, पण नोंद कुणी बदलली हे मग कधीच कळत नाही. फाइल पुसण्याचा हक्क एकट्या कुणालाही नसावा. एकाने सुचवावं आणि दुसऱ्याने मंजूर करावं. २०१९ आणि २०२१ चे महापूर पाहिलेल्या शहरात दुसरी प्रत नदीपासून लांब ठेवायची, हे वेगळं सांगायला नको.

हे सगळं नेमकं कुणासाठी, याचं उत्तर २०२३ पासून गावागावांत दिसतं आहे. कुणबी नोंदींच्या शोधासाठी न्या. संदीप शिंदे समिती नेमली गेली, मोडी वाचणाऱ्यांना मागणी आली आणि स्कॅन केलेली पानं जिल्ह्यांच्या संकेतस्थळांवर चढू लागली. मोडीचा गंध नसलेला माणूस तिथे पणजोबांचं नाव शोधतो. त्याला दस्ताचा शासकीय क्रमांक ठाऊक नसतो, गाव ठाऊक असतं. म्हणून तालुका, मग गाव, मग नोंदीचा प्रकार ही उतरंड त्याला पानापर्यंत नेते. पान सर्वांना पाहता येतं. जातीचा दाखला देण्याचा अधिकार मात्र अधिकाऱ्याकडेच राहतो. खूण आणि कुलूप दोन्ही जागच्या जागी.

कोल्हापुरात या कामाला लागणारी माणसं आणि संस्था आहेत. १८५० पासूनचं करवीर नगर वाचन मंदिर, १९६२ साली स्थापन झालेलं शिवाजी विद्यापीठ, टाउन हॉल म्युझियम, पुरालेखागार, आणि घरोघरी जपलेले चित्रपटांचे व नाटकांचे फोटो. प्रत्येकाने आपला संग्रह आपापल्या यंत्रणेवर खुशाल ठेवावा. पण पेठा, तालमी, घाट, नाट्यगृहं, सिनेमा स्टुडिओ यांच्या नावांची जुन्या-नव्या रूपांसह एक सामाईक यादी या सर्वांनी मिळून करायला हवी. तिची जबाबदारी एका संस्थेकडे असावी आणि नवं नाव घालण्याचा हक्क दोन-तीन जाणत्यांकडे. सुरुवात मंगळवार पेठ आणि शिवाजी पेठ या दोनच पेठांपासून केली तरी चालेल. तिथल्या तालमींची नावं ठाऊक असलेली म्हातारी माणसं अजून सांगायला आहेत.