टर्बो फेकण्याआधी परतीची नळी पाहा

आज पिकाचं नाही, पिकअपचं सांगतो.

गाडी बारा वर्षांची. दिवाळीनंतर पहिल्या वेच्याचा कापूस भरून घाटंजीहून यवतमाळला निघालो, तर चढावर गाडी धापा टाकायला लागली. सकाळी सुरू केली की निळसर धूर. पंधरा दिवसांत दीड लिटर ऑइल गायब, अन् खाली जमिनीवर थेंब नाही.

एका गॅरेजवाल्याने टर्बोची हवेची नळी काढली, आत बोट फिरवलं, बोट तेलकट. म्हणाला, टर्बो गेला, नवा टाका. किंमत ऐकून पोटात गोळा आला. हरभऱ्याचं बियाणं अन् खत, दोन्ही त्यात गेलं असतं.

गावातले म्हातारे मिस्त्री म्हणाले, "फेकता कायले भाऊ? तेल गळते हे खरं. पण कायले गळते, ते त आंधी पाहा."

टर्बोचं काम असं. सायलेन्सरकडे जाणारा गरम धूर एक पंखा फिरवतो. त्याच दांड्यावरचा दुसरा पंखा इंजिनात हवा कोंबतो. दांडा मिनिटाला लाखाच्या वर फेरे घेऊ शकतो, अन् त्याला वंगण इंजिनाच्याच ऑइलचं. हे ऑइल दाबाने वरून येतं, पण परत जाताना आपल्या वजनाने खाली उतरतं. परतीला पंप नाही. वाट अडली की ते सीलमधून पंख्यांकडे घुसतं.

मिस्त्रींनी गाडी थंड होऊ दिली अन् चार गोष्टी पाहिल्या.

१) एअर फिल्टर. धूळ अन् कापसाच्या तुसाने गच्च. हवा कमी म्हणून जोर कमी. शिवाय ओढ वाढली की टर्बोतलं ऑइलही हवेकडे खेचलं जातं.

२) इंजिनाचा श्वास. इंजिन चालू ठेवून ऑइलचं झाकण जपून उचललं. जोराचे फवारे आले असते तर रिंगा झिजल्या किंवा ब्रीदर तुंबला असं समजायचं. मग नवा टर्बोही गळला असता. आपलं ठीक निघालं.

३) दांडा. इंजिन बंद करून बोटाने हलवला. वर-खाली किंचित हलणं चालतं. आत-बाहेर हललेला जाणवला किंवा पाती घासल्याची खूण दिसली, तर टर्बो गेला. आपला घट्ट होता.

४) परतीची नळी. जळलेल्या ऑइलच्या काजळीने अर्धी बंद!

चूक माझीच. भरल्या गाडीने चढ चढून काट्यावर पोचलो की लगेच चावी बंद. तापलेल्या टर्बोत अडकलेलं ऑइल तिथंच करपायचं. त्यात ऑइल बदलायलाही उशीर केला होता.

नळी साफ केली, पॅकिंग, फिल्टर अन् ऑइल नवं टाकलं. इंटरकूलरमध्ये साचलेलं ऑइलही काढलं. हे विसरू नका. ते ऑइल एकदम आत ओढलं गेलं तर डिझेल इंजिन त्यावरच सुसाट पळतं, चावी बंद करूनही थांबत नाही. उभ्या गाडीत असं झालंच तर वरचा गिअर टाका, ब्रेक घट्ट दाबा अन् क्लच सोडून इंजिन बंद पाडा. हवेच्या तोंडाशी हात नेऊ नका.

दोन दिवस उरलेलं ऑइल जळून थोडा धूर आला, मग बंद. महिनाभर ऑइलची पातळी जागेवर आहे.

कपाशीचं पान लाल झालं की आपण लगेच पंप पाठीला लावतो. पण ते तुडतुड्यांमुळे होतं, मॅग्नेशियम कमी पडल्यानं होतं, थंडीनंही होतं. गाडीच्या बाबतीत मी तेच करणार होतो.

आता काट्यावर पोचलो की दोन मिनिटं इंजिन चालू ठेवतो. हमाल विचारतात, "डिझल कायले जाळता भाऊ?"

मी म्हणतो, "थांब जरा, टर्बो तापला हाये."